पीपीटी लिहून काढायची: मराठी-कन्नड स्लाइड्स साध्या मजकुरातून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पीपीटी करणाऱ्याला एक काम जास्तीचं असतं. त्याच्या स्लाइडवर बहुधा दोन लिप्या येतात. मराठी माध्यमाच्या हायस्कूलात विज्ञान मराठीत शिकवायचं आणि तीच पीपीटी तालुक्याच्या प्रशिक्षणात कन्नड शिक्षकांपुढे ठेवायची. कॉलेजात प्रोजेक्ट इंग्रजीतून मांडायचा आणि गावात त्याच विषयावर बोलताना मराठी वापरायची. येळ्ळूर, कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनात पडद्यावर कार्यक्रमपत्रिका मराठीत हवी, आणि पंचायतीकडून आलेला कागद मात्र कन्नडमध्ये.

घरच्या कॉम्प्युटरवर सगळं नीट दिसतं. हॉलमधल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला की पहिल्या बाकावरून आवाज येतो, "सर, अक्षरं सगळी फुटलीत की!" मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कन्नडच्या जागी रिकामे चौकोन. मग फाँट शोधा, टाका, पुन्हा उघडा. तोवर पोरांचं लक्ष उडालेलं असतं.

या त्रासावर एक भरवशाचा उपाय आहे आणि आपल्याकडे तो फार थोड्यांना माहीत आहे. स्लाइड माऊसने सजवत बसायचं नाही, साध्या मजकुरात लिहायची. मथळा कुठला, मुद्दा कुठला, नवी स्लाइड कुठून सुरू होते, हे दोन-चार खुणांनी सांगायचं आणि रंग, आकार, जागा हे सगळं सॉफ्टवेअरवर सोडायचं. ज्यांना दोन लिप्यांत काम करावं लागतं त्यांना या पद्धतीचा फायदा इतरांपेक्षा जास्त होतो असं माझं ठाम मत आहे.

अक्षरं फुटतात ती का

आधी दुखणं समजून घेऊ. शिवाजीसारख्या जुन्या मराठी फाँटची आणि नुडी-बरहाच्या जुन्या कन्नड फाँटची रीत एकच होती. फाइलमध्ये साठवले जात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. फाँट त्या क्रमांकाच्या जागी मराठी किंवा कन्नड आकृती काढून दाखवायचा. फाँट असेपर्यंत मराठी. फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. म्हणून अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही आणि तिथला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की नुसता घोळ.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ साली आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. देवनागरी 'ळ' २३५५, कन्नड 'ळ' ३२५१. वजाबाकी करून पाहा, दोन्हीकडे फरक ८९६ येतो. 'अ' घेतला तरी तोच. हा योगायोग नाही. दोन्ही लिप्यांची मांडणी इस्की या आपल्याच जुन्या प्रमाणावरून घेतली, त्यामुळे समान ध्वनीची अक्षरं दोन रांगांत समोरासमोर बसली आहेत. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ वेगळे आहेत, तेवढा भाग सोडला तर गावांची आणि नद्यांची नावं एका लिपीतून दुसरीत नेण्याचं काम कॉम्प्युटर बऱ्यापैकी करू शकतो ते यामुळेच.

तर पहिली अट: मजकूर युनिकोडमध्येच हवा आणि फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली हवी. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून तसंच साठवतो. त्याआधीच्या कॉम्प्युटरवर 'सेव्ह अ‍ॅज' करताना खालच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडावं लागतं. कपाटात जुन्या फाँटमधल्या फाइली पडल्या असतील तर त्या आधी फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्यात. ते एकदाच करायचं काम आहे आणि ते टाळू नये.

खुणांची भाषा

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा टाकला की तो शब्द ठळक होतो, हे आता वाडीवस्तीवरच्या बचत गटालाही ठाऊक आहे. तुम्ही 'बोल्ड'चं बटण दाबलेलं नसतं. मजकुरातच एक खूण ठेवलेली असते आणि दाखवणारं अ‍ॅप ती वाचून अक्षर जाड करतं. अशा खुणांच्या पद्धतीला मार्कअप म्हणतात. त्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात पसरलेली पद्धत म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रूबर यांनी २००४ साली ती प्रसिद्ध केली, अ‍ॅरन स्वार्ट्झ यांचा तिच्या घडणीत हात होता. मूळ उद्देश वेबपानासाठी लिहिणं सोपं करण्याचा होता. लिहिलेलं कच्च्या रूपातही सहज वाचता यावं, हा त्यांचा आग्रह आपल्या फार कामाचा आहे.

मार्कडाउनच्या खुणा कुठल्याच भाषेच्या नाहीत. हॅश, तारा, डॅश, उभी रेघ. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, खुणा त्याच. प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. खानापूर तालुक्यातल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी मलप्रभा नदीवरचा छोटा पाठ आहे असं धरू:

```
# मलप्रभा नदी

उगमापासून संगमापर्यंत

---

## उगम

- ठिकाण: कणकुंबी, तालुका खानापूर
- सह्याद्रीच्या रांगेत
- खानापूर शहर याच नदीच्या काठी

<!-- मुलांना विचारायचं: कणकुंबीला कोण कोण गेलंय? -->

---

## पुढचा प्रवास

| ठिकाण | काय आहे |
|---|---|
| नविलुतीर्थ | रेणुकासागर धरण |
| पट्टदकल, ऐहोळे | चालुक्यकालीन मंदिरं |
| कुडलसंगम | कृष्णेशी संगम |
```

एवढ्यात तीन स्लाइड झाल्या. एक हॅश म्हणजे मोठा मथळा, दोन हॅश म्हणजे त्याखालचा. ओळीच्या सुरुवातीला डॅश म्हणजे मुद्दा. दोन-दोन ताऱ्यांमधला शब्द ठळक (व्हॉट्सअ‍ॅपला एक तारा पुरतो, इथे दोन लागतात). स्वतंत्र ओळीवर तीन डॅश म्हणजे इथे स्लाइड संपली. उभ्या रेघांनी तक्ता तयार होतो. रेघा एकाखाली एक नेमक्या आल्या नाहीत तरी चालतं, सॉफ्टवेअर खण बरोबर पाडतं. आणि बाणासारख्या कंसातली ती मुलांना विचारायची ओळ? ती पडद्यावर येत नाही. ती शिक्षकासाठी आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

या मजकुरात काय नाही तेही पाहा. अक्षराचा आकार नाही, रंग नाही, चौकट कुठे ठेवायची ते नाही. माझ्या पाहण्यात पीपीटीचा निम्मा वेळ याच गोष्टींत जातो. एका स्लाइडवर मथळा जरा वर, दुसरीवर जरा खाली, तिसरीवर रंगच वेगळा. इथे तसं करायला वावच नाही. सगळे मथळे एकसारखे, सगळे मुद्दे एकसारखे, आणि तुमचं डोकं पाठाकडे.

मजकुराची स्लाइड होते कशी

त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागतं. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी मार्प सुचवतो. ते फुकट आहे आणि व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या मोफत संपादकात जोडता येतं. व्हीएस कोड प्रोग्रामिंगवाल्यांचं म्हणून ओळखलं जातं, पण घाबरायचं कारण नाही. तुमच्यासाठी तो चांगला नोटपॅड आहे.

व्हीएस कोड उघडून डाव्या बाजूच्या 'एक्स्टेन्शन्स'मध्ये मार्प शोधून बसवा. नवी फाइल करा आणि तिच्या नावाच्या शेवटी मार्कडाउनचं शेपूट लावा, म्हणजे टिंब आणि एम-डी ही दोन इंग्रजी अक्षरं. फाइलच्या अगदी वर तीन-तीन डॅशच्या दोन ओळींमध्ये मार्प चालू असल्याची एक ओळ इंग्रजीत लिहावी लागते. बसवताना मिळणाऱ्या माहितीत ती तयार असते, तिथून उचलून चिकटवा. मग पूर्वदृश्य उघडा. डाव्या अंगाला तुम्ही लिहीत जाता, उजव्या अंगाला स्लाइड बनत जाते. 'कणकुंबी'च्या दोन्ही बाजूंना तारे टाकल्याबरोबर ती समोर ठळक होते. शिकायला यापेक्षा चांगला गुरू नाही.

काम झालं की मार्पच्या चिन्हावरून निर्यात करायची: पीडीएफ, पॉवरपॉइंट किंवा वेबपान. पीडीएफ आणि पॉवरपॉइंटसाठी कॉम्प्युटरवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स असावा लागतो, कारण स्लाइड रंगवण्याचं काम आतून तोच ब्राउझर करतो. आपल्याला हे फार सोयीचं आहे. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, 'दऱ्या' आणि 'सुऱ्या'मधला तो अर्धा र, कन्नडचे अक्षराखाली लोंबणारे ओत्तु, हे सगळं नीट जुळवण्याचं काम ब्राउझर रोज लाखो पानांवर करत असतात. त्यामुळे मार्पमध्ये मराठी मोडत नाही.

पण एक सांगून ठेवतो. मार्पने केलेल्या पॉवरपॉइंट फाइलीत प्रत्येक स्लाइड नेहमीच्या निर्यातीत चित्र म्हणून येते. दाखवायला उत्तम, पण तिथे जाऊन एखादा शब्द बदलता येत नाही. बदल मजकुराच्या फाइलीत करायचा आणि पुन्हा निर्यात करायची. वरिष्ठांना बदलता येण्याजोगी पीपीटीच हवी असेल तर पँडॉक नावाचं दुसरं साधन आहे, त्याकडे येऊच.

बाणाच्या कंसातल्या टिपणाचं आता. वेबपान म्हणून निर्यात केलेली फाइल ब्राउझरमध्ये उघडून 'पी' ची कळ दाबली की वक्त्यासाठी वेगळी खिडकी उघडते. तिच्यात चालू स्लाइड, पुढची स्लाइड आणि तुमची टिपणं दिसतात, मुलांसमोर फक्त स्लाइड. ज्याला वर्गात कन्नड शब्द पटकन आठवत नाहीत त्याने ते या टिपणात लिहून ठेवावेत. मुद्दे एकेक करून दाखवायचे असतील तर डॅशच्या जागी तारा लिहायचा. मार्पच्या वेबपानात ताऱ्याने सुरू होणारे मुद्दे कळ दाबेल तसे एकामागून एक उमटतात. पीडीएफमध्ये अर्थातच सगळे एकदम दिसतात.

मराठी लिहिताना अडणाऱ्या जागा

मार्कडाउनवरची बहुतेक माहिती इंग्रजी लिहिणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. मराठीत ज्या जागी पाय अडकतो त्या तिथे सापडत नाहीत.

पहिली जागा आकड्यांची. क्रमवार यादीसाठी आपण सहज १, २, ३ लिहून टिंब देतो. मार्कडाउनला देवनागरी अंकाची यादी कळत नाही. ती ओळ साधं वाक्य समजली जाते, आत सरकत नाही, आणि काही साधनांत तर सगळ्या ओळी एकाला एक चिकटून येतात. यादीचा क्रमांक इंग्रजी अंकातच लिहायचा. पडद्यावर मात्र तो देवनागरीत दाखवता येतो: वेबपानाच्या सजावटीच्या नियमांत, म्हणजे सीएसएसमध्ये, यादीच्या क्रमांकासाठी देवनागरी असा तयार पर्याय आहे आणि कन्नड असाही आहे. शैलीत एक ओळ घातली की सगळ्या याद्या त्या अंकांत येतात.

दुसरी जागा प्रत्ययांची. इंग्रजीत शब्द सुटा उभा राहतो, आपल्या शब्दाला च्या, ला, मध्ये चिकटून येतात. शब्द ठळक करायला काही जण ताऱ्याऐवजी खालची रेघ वापरतात. ती इंग्रजीत चालते, मराठीत प्रत्ययापाशी फसते, कारण मागे लगेच अक्षर आलं की ती रेघ बंद झाली असं मार्कडाउन मानत नाही. म्हणून तारेच वापरा. ताऱ्यांतही एक बारीक अडचण आहे. या दोन ओळी पाहा:

```
**‘मलप्रभा’**च्या काठी

‘**मलप्रभा**’च्या काठी
```

पहिली ओळ ठळक होणार नाही, तारे तसेच पडद्यावर दिसतील. बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आलं, तर ते तारे बंद करणारे आहेत हे नियमानुसार ओळखलंच जात नाही. दुसऱ्या ओळीत तारे अवतरणचिन्हांच्या आत घेतले की अडचण मिटते. कारण माहीत नसेल तर माणूस तासभर डोकं धरून बसतो.

हॅशनंतर एक जागा सोडायलाच हवी. चिकटवून लिहिलं तर मथळा होत नाही. आणि तीन डॅशच्या आधी एक ओळ रिकामी हवी. साध्या वाक्याच्या लगेच खाली तीन डॅश आले, तर नवी स्लाइड होण्याऐवजी ते वाक्यच मथळा बनतं. मार्कडाउनमध्ये मथळा लिहिण्याची ती एक जुनी रीत आहे.

तिरप्या अक्षरांचा मोह टाळावा. देवनागरीत तिरप्या वळणाची परंपरा नाही. बहुतेक फाँटमध्ये ते रूपच नसतं, मग कॉम्प्युटर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो आणि मागच्या बाकावरून ते वाचता येत नाही. जोर द्यायचा तर ठळक, एवढंच पुरे.

ओळींमधलं अंतर ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांशी निगडित गोष्ट आहे. मार्पच्या डिफॉल्ट, गाया आणि अनकव्हर या तिन्ही तयार शैली रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या आहेत. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. कन्नडमध्ये खाली ओत्तु. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. शैलीत ओळीची उंची अक्षराच्या दीड ते पावणेदोन पट ठेवली की पडदा मोकळा दिसतो. तिथेच फाइलची भाषा मराठी म्हणून नोंदवावी. ज्या फाँटमध्ये मराठी वळणं दिलेली असतात तिथे मग हिंदी वळणाऐवजी आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श येतो. मुलं पाठ्यपुस्तकात जे अक्षर पाहतात तेच पडद्यावर दिसावं, याला मी फार महत्त्व देतो.

टायपिंगचंही सांगायला हवं. इनस्क्रिप्ट कळफलकावर हॅश आणि तारा मिळत नाहीत. त्या कळांवर शिफ्ट दाबून ्र आणि श्र येतात. खुणांपुरतं इंग्रजीत जावं लागतं. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते, दोन दिवसांत हात बसतो. पण इनस्क्रिप्टचा एक मोठा लाभ सीमाभागातल्या माणसाने घ्यायलाच हवा. हा कळफलक सगळ्या भारतीय लिप्यांना समान आहे. ज्या कळेवर मराठी क, त्याच कळेवर कन्नड क. ज्या कळेवर मराठी ळ, त्याच कळेवर कन्नड ळ. मराठीचं इनस्क्रिप्ट टायपिंग येणाऱ्याने भाषा तेवढी कन्नड केली, की त्याची बोटं आपोआप कन्नड लिहायला लागतात.

दोन लिप्या, एक पाठ

एकाच स्लाइडवर वर मराठी वाक्य, खाली त्याचं कन्नड, असं बऱ्याच ठिकाणी केलेलं दिसतं. हेतू चांगला असतो, पण अक्षर निम्मं लहान होतं आणि दोन्हीकडचे लोक अर्धवट वाचतात. माझं म्हणणं असं, की दोन फाइली कराव्यात. मराठीची एक, कन्नडची एक. स्लाइडचा क्रम तोच, चित्रं तीच, शैली तीच. व्हीएस कोडमध्ये दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडता येतात, म्हणजे कुठला मुद्दा इकडे आला आणि तिकडे राहिला ते लगेच दिसतं. आणि कन्नड मजकूर लिहून देणाऱ्या सहकाऱ्याकडे यातलं काहीही सॉफ्टवेअर नसलं तरी बिघडत नाही. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या ओळी पाठवाव्यात, तुम्ही त्या फाइलीत चिकटवून पुढे हॅश आणि डॅश लावावेत.

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषा एकत्र हव्यातच, ती म्हणजे शास्त्रीय संज्ञा. आपली मुलं एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठीत शिकतात आणि पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेली की सगळं अचानक इंग्रजीत, वर्गातली समजावणी कन्नडमध्ये. त्यांच्यासाठी प्रत्येक पाठाच्या शेवटी मराठी, कन्नड, इंग्रजी असा तीन खणांचा तक्ता द्यावा. उभ्या रेघांनी तो पाच मिनिटांत होतो. अशा तक्त्यांची एक वेगळी फाइल वर्षभर वाढवत नेली, तर मार्चमध्ये मुलांच्या हातात छापील संज्ञाकोश देता येतो, आणि त्यासाठी नव्याने काही टाइप करावं लागत नाही.

फाँटसाठी खर्च करायची गरज नाही. विंडोज ८ पासून येणाऱ्या निर्मला या फाँटमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, त्यामुळे त्यानंतरच्या कुठल्याही विंडोजवर चौकोन दिसायचं कारण नाही. जास्त देखणं हवं असेल तर गूगलच्या संग्रहातले नोटो फाँट घ्या. किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेची बालू आणि अनेक ही कुटुंबं पाहा. त्यांची देवनागरी आणि कन्नड रूपं एकाच हाताने वळवल्यासारखी दिसतात, जाडी आणि गोलाई जुळते, त्यामुळे एका तक्त्यात दोन्ही लिप्या शेजारी आल्या तरी एक मोठी आणि एक किरकोळ असं वाटत नाही.

बाकीची साधनं थोडक्यात

पँडॉक हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली सुरू केलेलं काम. एकाच मार्कडाउन फाइलीतून ते वर्डची फाइल करतं, वेबपान करतं, आणि बदलता येणारी खरी पॉवरपॉइंट फाइलही करतं. संस्थेचा ठरलेला नमुना असेल तर तो पँडॉकला दाखवायचा, त्याच रंगात आणि बोधचिन्हासह स्लाइड मिळतात. ते आज्ञा टाइप करून चालवावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी नको.

गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी बीमर शिकावं. डोनाल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या पद्धतीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभं केलं आणि त्यावर टिल टँटाऊ यांनी २००३ साली, स्वतःच्या पीएचडीच्या मांडणीसाठी, बीमर तयार केलं. समीकरणं जितकी सुंदर इथे येतात तितकी दुसरीकडे क्वचितच. मराठीसाठी मात्र त्याचं झीलाटेक किंवा लुआलाटेक हे रूप वापरावं, जुन्या पीडीएफलाटेकला युनिकोड फाँट थेट झेपत नाहीत. पॉलीग्लॉसिया या जोडणीत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांची सोय आहे. बेळगावातल्या व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या किंवा कुठल्याही कॉलेजात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी लाटेक लागण्याची शक्यता आहेच, त्याने स्लाइडही त्यातच कराव्यात. ज्यांना वेबपान बनवता येतं त्यांच्यासाठी हकीम एल हत्ताब यांचं रिव्हील-जेएस आहे. तेही मार्कडाउन वाचतं.

ही पद्धत सगळ्याला पुरते असं मी म्हणणार नाही. बाणांनी जोडलेल्या आकृत्या, नकाशावर सरकणारी नदी, फोटोंची मोकळी मांडणी, असलं काम माऊसनेच बरं होतं. आकृती दुसरीकडे काढून चित्र म्हणून आणता येते, पण दर पानाला तेच करायचं असेल तर पॉवरपॉइंट किंवा लिब्रेऑफिस वापरावं. शिवाय मार्प जास्तीचा मजकूर आपणहून लहान करत नाही. मुद्दे जास्त झाले तर खालचे स्लाइडबाहेर जातात. तिथे अक्षर बारीक करण्यापेक्षा तीन डॅश टाकून दुसरी स्लाइड करावी. सहा मुद्द्यांच्या वर मी एका स्लाइडवर ठेवत नाही.

मोबदल्यात जे मिळतं ते भरपूर आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे चार हजार चिन्हांचा पाठ, ज्यात पंधरा-वीस स्लाइड सहज होतील, १२ किलोबाइटच्या आत बसतो. चित्रं वेगळी. कणकुंबी-जांबोटीकडे रेंज नीट मिळत नाही तिथेही एवढी फाइल पोचते. पुढच्या वर्षी पाठ बदलला तर जुनी आणि नवी फाइल समोरासमोर ठेवून कुठली ओळ बदलली ते संपादकच दाखवतो. आणि ती उघडायला कुठलंही ठरावीक सॉफ्टवेअर लागत नाही, फोनवरही वाचता येते.

हॉलमध्ये जाताना पेनड्राइव्हमध्ये पीडीएफ असूच द्या. तिच्यात फाँट आतच बसवलेले असतात, समोरच्या कॉम्प्युटरवर काही नसलं तरी अक्षर फुटत नाही. टिपणांची खिडकी हवी असेल तर वेबपानाची फाइलही घ्या, आणि तिच्यासोबत चित्रांचा फोल्डर विसरू नका; चित्रं त्या फाइलीच्या आत नसतात, फोल्डर मागे राहिला तर जागा रिकाम्या दिसतील. ऑनलाइन फाँट वापरला असेल तर इंटरनेट नसताना वेबपानात दुसरा फाँट येईल, पीडीएफवर त्याचा परिणाम नाही. आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी अध्यक्ष बदलले, असं झालं तर हॉलच्या कॉम्प्युटरवर मार्प असायची गरज नाही: वेबपानाची फाइल नोटपॅडमध्ये उघडा, जुनं नाव शोधा, नवं लिहा, साठवा आणि ब्राउझरमध्ये पुन्हा उघडा.